पायरीच्या दगडाचा हिशेब

व्यासपीठावर एखाद्या कर्तबगार माणसाची ओळख करून देताना सूत्रसंचालक त्याची सर्वांत मोठी पदवी आणि सर्वांत नामांकित विद्यापीठ सांगून मोकळा होतो. त्याआधी तो कुठे शिकला, कुठे अडला, कुणी त्याला पुन्हा उभं केलं, हे सांगायला वेळ नसतो आणि ऐकणाऱ्यांनाही त्यात रस नसतो. अंतराळवीर आयलीन कॉलिन्स यांचंच उदाहरण घ्या. 1995 मध्ये त्या अमेरिकी अंतराळयानाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. 1999 मध्ये पहिल्या महिला कमांडर म्हणून त्यांनी ‘कोलंबिया’ यानातून चंद्रा ही क्ष-किरण वेधशाळा अवकाशात नेली. तिला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव आहे. कल्पना चावला आणि त्यांचे सहकारी ज्या दुर्घटनेत गेले, तिच्यानंतर 2005 मध्ये यानं पुन्हा उडू लागली, तेव्हा पहिल्या उड्डाणाची सूत्रंही कॉलिन्स यांच्याकडेच होती. त्यांच्या शिक्षणाच्या यादीत सिरॅक्यूज आहे, स्टॅनफर्ड आहे, वेबस्टर विद्यापीठ आहे. पण यादीतली पहिली नोंद न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजची आहे. तिथून त्यांनी 1976 मध्ये गणित आणि विज्ञान घेऊन दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळवली. शेजारच्या एलमायरा गावातल्या, हात आखडता घेऊन जगणाऱ्या घरातली ही मुलगी. उडायला शिकण्यासाठी पैसे साठवता साठवता तिला परवडेल असं कॉलेज तेच होतं. अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं आपल्या कर्तबगार माजी विद्यार्थ्यांचा दरवर्षी जाहीर सन्मान करतात, तो मुळात याच नोंदीसाठी. हा सन्मान म्हणजे आणखी एक शाल आणि आणखी एक श्रीफळ, असं समजून सोडून देण्यासारखा नाही. श्रेयाच्या हिशेबात एक चूक वर्षानुवर्षं होत आली आहे आणि ती दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न आहे, असं मला वाटतं. तो कधी नेमका साधतो, कधी फसतो.

आधी ही कॉलेजं म्हणजे काय ते पाहू, कारण मराठी वाचकाचा इथे हमखास घोटाळा होतो. त्यांना पूर्वी ज्युनियर कॉलेज म्हणत, पण आपल्या अकरावी-बारावीशी त्यांचा संबंध नाही. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन तिथे शिकवली जातात. 1901 मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी शाळेचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून असं पहिलं सार्वजनिक कॉलेज काढलं. विद्यार्थी होते सहा. गावातल्या मुलांना गाव न सोडता विद्यापीठाची पहिली दोन वर्षं करता यावीत, एवढाच हेतू होता. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं देशभर विणण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. आज ती हजाराहून अधिक आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात 116. गुणांची चाळणी नाही. येईल त्याला प्रवेश. वर्षाचं सरासरी शुल्क चार हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे राज्य विद्यापीठाच्या निम्म्याहूनही कमी. एकाच वर्गात अठरा वर्षांचा मुलगा, दोन मुलांची आई, सैन्यातून परतलेला जवान आणि नुकताच देशात आलेला स्थलांतरित शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि जवळपास दोन तृतीयांश विद्यार्थी नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकतात. इथून कुणी तिसऱ्या वर्षासाठी विद्यापीठात जातो, कुणी थेट कामाला लागतो: परिचारिका, रेडिओलॉजी तंत्रज्ञ, वेल्डर, अग्निशमन दलाचा जवान. प्रतिष्ठेच्या उतरंडीत मात्र या कॉलेजांची जागा खालची. हॉलिवूडच्या विनोदांत ती नापासांची शाळा म्हणून येतात.

या कॉलेजांची राष्ट्रीय संघटना 1920 पासून आहे. ती आपल्या वार्षिक अधिवेशनात मोजक्या माजी विद्यार्थ्यांना गौरवते. इलिनॉयसारख्या राज्यांत कॉलेजांच्या विश्वस्तांच्या संघटना असाच सन्मान देतात आणि बहुतेक कॉलेजांचा स्वतःचा वेगळा पुरस्कारही असतो. निकष साधारण दोन असतात: व्यवसायातलं यश आणि समाजासाठी केलेलं काम. यातला दुसरा निकष बाहेरच्याला शोभेचा वाटेल. मोठ्या खासगी विद्यापीठाच्या पुरस्कारात तो बऱ्याचदा तसा असतोही. कम्युनिटी कॉलेजाच्या बाबतीत त्याला ठोस कारण आहे. अनेक राज्यांत ही कॉलेजं जिल्हानिहाय असतात, त्यांचा मोठा खर्च त्या परिसरातल्या घरा-जमिनीवरच्या करातून चालतो, आणि विश्वस्त मंडळ लोक मतदानाने निवडतात. शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त आजीच्या घरपट्टीतून एखाद्या अनोळखी मुलाचं गणिताचं शिक्षण झालेलं असतं. तो मुलगा पुढे त्या समाजाच्या उपयोगी पडला का, हा प्रश्न म्हणूनच उपदेशाचा न राहता व्यवहाराचा होतो. करदात्याला तो विचारायचा हक्क आहे आणि सन्मान हे त्याचं जाहीर उत्तर.

आपल्याकडच्या सत्काराशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की मंडळं, पतसंस्था, नगरसेवक, ज्ञातिसंस्था सगळ्यांचे गुणवंत सत्कार सुरू होतात. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलाला गुच्छ मिळतो तो टक्क्यांसाठी. त्याने अजून काही केलेलं नसतं. तो पुढे काय करतो हे पाहायला ते मंडळ परत जात नाही. कम्युनिटी कॉलेजाचा सन्मान याच्या बरोबर उलट्या टोकाला उभा आहे. प्रवेश घेताना ज्याचे गुण कुणी पाहिले नाहीत, त्याने पुढच्या वीस-तीस वर्षांत काय केलं हे तो पाहतो. रिचर्ड कार्मोना न्यूयॉर्कच्या हार्लेममधले. शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेले, तिथेच शालान्त समकक्ष परीक्षा दिली, व्हिएतनाममध्ये विशेष दलात लढले, परतल्यावर ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजात शिरले. तिथून कॅलिफोर्नियात वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि 2002 ते 2006 या काळात ते अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे देशाचे सर्वोच्च सार्वजनिक आरोग्य अधिकारी होते. दुसऱ्याच्या धुरामुळे धूम्रपान न करणाऱ्यालाही रोग होतो, हे ठासून सांगणारा 2006 चा सरकारी अहवाल त्यांच्याच कारकिर्दीतला. शाळा सोडल्याच्या दिवशी त्यांचा सत्कार करायला कुठलंही मंडळ आलं नसतं.

श्रेयाची चूक भावनेपुरतीच असती तर तिच्यासाठी शब्द खर्चायचं कारण नव्हतं. ती सरकारी आकड्यांतही शिरली आहे. अमेरिकेचं संघराज्य शासन कॉलेजांचा पदवीदर मोजतं तो बऱ्याच काळापासून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा. जिथे बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ आहेत, तिथे ही मोजपट्टी निम्म्याहून अधिक वर्ग बाहेर ठेवते. शिवाय एखादी मुलगी दीड वर्षात चांगले गुण मिळवून असोसिएट पदवी न घेताच विद्यापीठात गेली, तर कम्युनिटी कॉलेजाच्या पदवीदरात ती धरली जात नाही. ‘बदली होऊन गेली’ असा वेगळा रकाना आहे, पण बातमीत येतो तो पदवीचा आकडा. म्हणजे कॉलेजाने आपलं काम जितकं चोख केलं, तितकं ते त्या तक्त्यात अपयशी दिसायची शक्यता. मानवी जीनोमच्या वाचनात आघाडीवर असलेले क्रेग व्हेंटर हे कॉलेज ऑफ सॅन मटेओ इथून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत गेले. अशा माणसाला आपला म्हणण्याची जागा कॉलेजाला तक्त्यात मिळत नाही, ती सन्मानाच्या व्यासपीठावर मिळते. म्हणून हा सन्मान ‘पदवीधरां’पुरता बांधून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. काही कॉलेजांचे नियम तसे असतात. दोनच सत्रं शिकून आयुष्याला दिशा सापडलेला माणूसही त्या कॉलेजाचा माजी विद्यार्थीच.

यावरचा सर्वांत जड आक्षेप समाजशास्त्रज्ञांकडून येतो. बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजाचा अभ्यास करून 1960 मध्ये एक अस्वस्थ करणारं मत मांडलं: ही कॉलेजं मोठी स्वप्नं घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला दार बंद न करता, समुपदेशन आणि चाचण्यांच्या वाटेने हळूहळू थंड करतात आणि छोट्या अपेक्षेवर आणून सोडतात. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांनी 1989 मध्ये हीच टीका आणखी टोकदार केली. आजचे आकडे त्यांच्या बाजूचे आहेत, हे मान्य करायला हवं. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहांतल्या आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती खरोखर मिळते शंभरातल्या साधारण सोळा जणांना. मग सोळांपैकी एकाला व्यासपीठावर बसवून चौऱ्याऐंशींकडे पाठ फिरवायची का? ‘बघा, तो करू शकला’ या वाक्यात ‘तुम्हीच कमी पडलात’ हे न बोललेलं वाक्य दडलेलं असतं. वाढीव बससेवेचा, पाळणाघराचा, मार्गदर्शकाचा खर्च टाळू पाहणाऱ्या राज्यकर्त्याला असं उदाहरण फारच सोयीचं.

आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख सन्मान देण्यावर नाही, सन्मान सांगण्याच्या पद्धतीवर आहे. जिद्दीची कथा सांगितली तर चौऱ्याऐंशी जण नालायक ठरतात. कोणत्या गोष्टीने हात दिला हे सांगितलं तर तीच कथा पुरावा होते. कार्मोना यांच्यासाठी जुना सैनिक म्हणून उघडं असलेलं प्रवेशद्वार होतं. कॉलिन्स यांच्यासाठी घराजवळचं, परवडणारं कॉलेज होतं. अशा गोष्टींनी फरक पडतो हे तपासूनही पाहिलेलं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकण्याच्या अटीवर शुल्कातली तूट भरून देणं, पाठ्यपुस्तकांना मदत, भुयारी रेल्वे आणि बसचा मोफत पास, आणि मोजकेच विद्यार्थी हाती असलेला सल्लागार, असं साधंच साहित्य. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून केलेल्या तपासणीत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेलं. विद्यार्थी त्याच वस्तीतले, त्याच क्षमतेचे. बदलली ती व्यवस्था. ‘हुशार माणूस कुठेही गेला तरी चमकलाच असता’ हा दुसरा आवडता आक्षेप इथे टिकत नाही. चमकायच्या आधी बसभाड्यासाठी थांबलेले किती, हेच या प्रयोगातून दिसलं. सन्मानपत्रात पुरस्कारविजेत्याच्या गुणांच्या चार ओळी कमी करून त्याला त्या काळी काय मिळालं, आज ते किती विद्यार्थ्यांना मिळतं, एवढं लिहिलं, तर क्लार्क यांच्या टीकेला निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

दुसरा दोष मला जास्त खुपतो: प्रसिद्ध चेहऱ्यांची ओढ. टॉम हँक्स हे हेवर्डच्या शाबो कॉलेजचे विद्यार्थी. 2015 मध्ये ओबामा सरकारने दोन वर्षांचं शिक्षण मोफत करण्याची योजना मांडली, तेव्हा हँक्स यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपलं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. ते उपयोगाचंच झालं. पण एका ऑस्करविजेत्यावरून कम्युनिटी कॉलेज कळत नाही. ते समजून घ्यायचं तर परिचारिकेकडे पाहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परिचारिकांची तीव्र टंचाई होती. मिल्ड्रेड मोंटॅग यांनी दोन वर्षांच्या परिचर्या शिक्षणाचा आराखडा मांडला आणि 1952 पासून तो काही कॉलेजांत राबवून पाहिला गेला. आज दोन वर्षं शिकलेली आणि चार वर्षं शिकलेली परिचारिका नोंदणीसाठी एकच परीक्षा देतात. आजारी माणसाच्या उशाशी रात्री उभी असलेली बाई कुठली पदवी घेऊन आली, हे त्याला ठाऊकही नसतं. अशी हजारो माणसं शिकलेल्या गावातच राहतात: त्याच गावच्या दवाखान्यात, अग्निशमन केंद्रात, पाणीपुरवठा विभागात. विद्यापीठ आपल्या माणसांना जगभर पांगवतं आणि त्याचा अभिमान बाळगतं. कम्युनिटी कॉलेजाचं पीक बहुतेक तिथल्या तिथेच उगवतं. यश म्हणजे गाव सोडून दूर जाणं, असा अर्थ पुरस्कार समितीने नकळत घेतला, तर ज्यांच्यासाठी कॉलेज काढलं त्यांनाच ती मागे पडलेले ठरवते. राष्ट्रीय पुरस्कार अंतराळवीरांना मिळोत. कॉलेजाच्या स्वतःच्या पुरस्काराचं पहिलं नाव मात्र गावातलं असावं, अशी माझी आग्रही सूचना आहे.

देणग्यांचा आक्षेप राहिला: सत्कार हे निमित्त, धनादेश हा हेतू. थोडाफार असेलही, कुठल्या संस्थेच्या माजी विद्यार्थी संघाला तो लागू नाही? पण या कॉलेजांचे माजी विद्यार्थी मुळातच मोठे धनिक कमी. शिवाय या कॉलेजांची आर्थिक नाडी दात्याच्या हाती नसते, मतदाराच्या हाती असते. कॅलिफोर्नियात कॉलेजाच्या इमारतीसाठी रोखे काढायचे तर मतदारांची मंजुरी लागते. 2000 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ती दोन तृतीयांशांऐवजी 55 टक्क्यांवर आली. अशा निवडणुकीत नवी प्रयोगशाळा हवी की करवाढ नको, हे गाव ठरवतं. त्या वेळी शेजारचा फायरमन, वडिलांवर उपचार करणारी परिचारिका, मुलांच्या शाळेतला शिक्षक याच कॉलेजातले आहेत, हे लोकांना माहीत असणं अत्यंत मोलाचं. सन्मानाचा खरा श्रोता सभागृहात पहिल्या रांगेत नसतो. तो घरी बसून घरपट्टीची पावती पाहत असतो.

माणसांऐवजी संस्थेचाच गौरव करावा, असाही एक मार्ग आहे. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूट 2011 पासून दर दोन वर्षांनी उत्कृष्ट कम्युनिटी कॉलेजाला पुरस्कार देते. पुरस्कारांची एकूण रक्कम दहा लाख डॉलरची. तो देताना किती विद्यार्थ्यांनी शिक्षण पूर्ण केलं, विद्यापीठात किती टिकले, नोकरीत किती कमावतात, गरीब आणि अल्पसंख्याक विद्यार्थी मागे तर राहिले नाहीत ना, हे तपासतात. पहिला मान फ्लोरिडातल्या व्हॅलेन्शिया कॉलेजाला मिळाला. ही मोजणी माणसाच्या सत्कारापेक्षा प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण आकड्यांवरून कुणी आपल्या धाकट्या भावाला संध्याकाळच्या वर्गात नाव घालायला पाठवत नाही. त्याला गल्लीतलं कुणीतरी दिसावं लागतं. दोन्ही हवेत, एकाने दुसऱ्याला तपासत राहावं.

आपल्याला यात अगदी परकं असं काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 च्या सुमारास कौशल्यशिक्षणासाठी कम्युनिटी कॉलेज योजना आणली, तिच्यामागे हाच अमेरिकी नमुना होता. आपल्याकडे ती स्वतंत्र संस्था न होता असलेल्या महाविद्यालयांतच एखाद्या विभागासारखी राहिली. स्वभावाने जवळच्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत: कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ योजना, गावोगावची आयटीआय, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. आयआयटी मुंबई आपल्या माजी विद्यार्थ्यांचा दरवर्षी थाटात गौरव करते आणि वर्तमानपत्रं ते छापतात. आयटीआयमधून फिटर होऊन पुढे स्वतःचा कारखाना काढलेला आणि दरवर्षी दहा शिकाऊ मुलांना हाताशी घेणारा उद्योजक मात्र भाषणात आयटीआयचं नाव घेताना थोडा चाचरतो. त्याला चाचरायला लावणारे आपणच आहोत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही मुलगा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आहे हे सांगताना पालकांचा आवाज कधी कधी खाली येतो, आणि तो राज्य विद्यापीठात गेला की पुन्हा वर जातो. पहिल्या दोन वर्षांच्या शुल्कात वाचलेल्या हजारो डॉलरांबद्दल मात्र कुणी लाजत नाही.

वर नावानिशी आलेले सगळे माजी विद्यार्थी पुढे कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात गेले, त्यामुळे श्रेयाचा वाद उरतोच. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्याबाबत तो उरत नाही. 1936 मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनियर कॉलेजातून त्या बाहेर पडल्या आणि त्यांचं औपचारिक शिक्षण तिथेच संपलं; चार वर्षांची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. 1950 मध्ये कवितेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत्या. 1968 पासून 2000 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या इलिनॉय राज्याच्या राजकवी होत्या. त्या पदाला जोडून त्यांनी शाळकरी मुलांसाठी कवितास्पर्धा सुरू केली आणि बक्षिसांचे पैसे स्वतःच्या पर्समधून दिले. त्यांच्या कॉलेजाचं नाव 1969 मध्ये बदलून केनेडी-किंग झालं. मुलांना बक्षिसं वाटणाऱ्या राजकवींच्या हातात स्वतःच्या शिक्षणाचा कागद होता तो जुन्या नावाचा, दोन वर्षांचा.